पेपरमिंटचे चोवीस डबे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू पोस्टाच्या पेटीतून पत्रं काढायला म्हणून बाहेर गेल्या आणि बर्फावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

काकू म्हणजे पंचाहत्तरीच्या, उंच, गोऱ्या बाई. जन्म मिनेसोटातलाच. निवृत्त होईपर्यंत तीसेक वर्षं त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली. माझी तेरा वर्षांची मुलगी त्यांना सरळ नावाने हाक मारते, कारण त्यांनीच तिला तसं सांगितलंय. मला ते आजवर जमलेलं नाही. घरात आम्ही त्यांना काकू म्हणतो आणि समोर गेल्यावर काहीच न म्हणता नुसतं हसून बोलायला सुरुवात करतो.

आम्ही ईडन प्रेरीतल्या या घरात राहायला आलो, त्या वर्षीच्याच डिसेंबरात काकू पत्र्याचा एक गोल डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. आत ब्राउनीच्या चौकोनी वड्या होत्या. वर चॉकलेटचा चकचकीत थर, आणि त्याच्यावर लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या कांड्यांचा चुरा. माझ्या नवऱ्याने पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "यार, दात घासून झाल्यावर चॉकलेट खाल्ल्यासारखं वाटतंय." पहिल्या वर्षी तो डबा आम्ही आठवडाभर पुरवून पुरवून संपवला. तिसऱ्या वर्षापासून तो दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकेना, आणि शेवटच्या वडीवरून बापलेकीत खरीखुरी भांडणं व्हायला लागली.

काकू असे चोवीस डबे करायच्या. पोस्टमन, लायब्ररीतल्या बाई, रस्त्यावरचा बर्फ काढायला येणारा माणूस, जुन्या बसडेपोतले लोक, आणि आमच्यासारखी गल्लीतली घरं. त्यामुळे हाताला प्लास्टर घातलेल्या काकू दारात येऊन "यंदा डबा नाही हं," असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून दारात आले होते. विचारबिचार काही केला नाही, तोंडातून निघून गेलं, "आम्ही करू ना! तुम्ही फक्त शेजारी बसून सांगा."

काकूंनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "तुला बेकिंग येतं?"

"हो," मी म्हटलं.

हे काही खरं नव्हतं. आमच्या ओव्हनमध्ये तेव्हा दोन कढया, इडलीपात्र, एक बिडाचा तवा आणि कुकरची जादा झाकणं होती. बहुतेक देशी घरांत असतं तसंच. तो ओव्हन मी शेवटचा कधी लावला होता, मला आठवत नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाबा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. कराडला त्यांचं औषधांचं दुकान होतं, बेचाळीस वर्षं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, गुडघे दुखायला लागले होते, म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. रोज सकाळी नऊला शटर वर करणाऱ्या माणसाला एकदम काहीच उरलं नाही करायला. मीच हट्टाने त्यांना इकडे आणलं, आणि आणल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे तर त्याहूनही कमी आहे करायला. दोन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून ते दिवाणखान्यातल्या खिडकीशी बसायचे. बाहेर चला म्हटलं की म्हणायचे, "इथनं दिसतंय की सगळं." दिसायचं काय, तर बर्फ. नवरा त्या आठवड्यात कामासाठी टेक्सासमधल्या प्लेनोला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच होतो.

शनिवारी सकाळी मी ओव्हन रिकामा केला आणि कढया पलंगाखाली सरकवल्या. दहा वाजता काकू आल्या. गळ्यात एप्रन, डाव्या हातात पिशवी, आणि पिशवीत कृती लिहिलेला एक कागद. कागद जुना, तेलकट, चॉकलेटच्या बोटांचे ठसे उमटलेला. मागच्या बाजूला त्यांच्या बसच्या थांब्यांची यादी छापलेली होती. डेपोतल्या एका ड्रायव्हरने त्यांना ही कृती सांगितली होती, आणि त्यांनी हाताशी होता त्या कागदावर ती उतरवून घेतली होती.

उंच स्टूलवर बसत काकू म्हणाल्या, "सगळे आपापल्या जागेवर. मी सांगितल्याशिवाय कोणी उठायचं नाही." तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांना गप्प बसवलेला आवाज होता तो. माझी मुलगी खरंच ताठ उभी राहिली.

लोणी वितळलं, त्यात साखर गेली, अंडी गेली, कोको गेला. मुलगी कँडी केन, म्हणजे काठीसारख्या वाकड्या त्या पेपरमिंटच्या कांड्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने बडवायला लागली. पिशवी फाटली. निम्म्या कांड्या फ्रिजखाली गेल्या. तो आवाज ऐकून बाबा खिडकीपासून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काय कुटताय?"

"आजोबा, कँडी केन्स," मुलगी म्हणाली. "वी नीड इट क्रश्ड."

"अशानं होतंय व्हय?" म्हणत ते आत आले आणि मसाल्याच्या कपाटातून माझा पितळी खलबत्ता काढून घेतला. एक एक कांडी मोडून टाकत, मनगटाच्या एका बेताच्या झटक्याने ते कुटायला लागले. काकू बघतच राहिल्या. मी त्यांना सांगितलं की बाबांनी उमेदीच्या काळात दुकानात औषधं स्वतः खलून दिलेली आहेत.

काकूंनी खलातला चुरा चिमटीत घेऊन पाहिला. "फार बारीक नको. दाताखाली यायला हवा."

मी भाषांतर करायच्या आधीच बाबा म्हणाले, "कोर्स पावडर. ओके, मॅडम." औषधाच्या बाटल्यांवरचं इंग्रजी त्यांना सगळं येत होतं.

आता माझी चूक. कागदावर दोन छोटे चमचे पेपरमिंटचा अर्क लिहिला होता. आदल्या दिवशी मीच दुकानातून बाटली आणली होती, छोटीशी, तपकिरी. एका परातीएवढ्या ट्रेला दोन चमचे, असे दोन ट्रेंच्या मिश्रणात मी ते मोजून घातलं. बाटली उघडताच डोळ्यांत पाणी आलं. काकूंना सर्दी झाली होती, त्यांना काही वास येईना. बाबा कुटणं थांबवून म्हणाले, "वास फार आहे गं."

"बाबा, पेपरमिंटच आहे. असाच असतो."

ते पुन्हा कुटायला लागले. दोन्ही ट्रे ओव्हनमध्ये गेले.

दहाव्या मिनिटाला मुलगी डोळे चोळत म्हणाली, "मॉम, माय आइज आर बर्निंग." मी खिडकी उघडली, बाहेर उणे पंधरा होतं, तरी उघडली. धुराचा अलार्म कसा वाजला नाही कोण जाणे. वेळ झाल्यावर ट्रे बाहेर काढले. दिसायला ब्राउनी सुंदर. काकूंनी कोपऱ्यातला एक तुकडा काढून तोंडात टाकला.

त्यांचा चेहरा आधी स्थिर झाला. मग डोळे मोठे झाले. मग त्यांनी तो तुकडा टिश्यूत थुंकला आणि म्हणाल्या, "माझी सर्दी बरी झाली."

मीही चाखलं. कोणी चॉकलेटमध्ये डोकेदुखीचा बाम कालवावा तशी चव. जीभ बधिर झाली.

बाबा शांतपणे बाटली घेऊन खिडकीशी गेले. खिशातून छोटं भिंग काढलं, ते त्यांच्याकडे कायम असतं, आणि लेबलवरची बारीक अक्षरं वाचली.

"हे तेल आहे," ते म्हणाले. "अर्क नव्हे. ऑइल. हे थेंबानं घ्यायचं असतं, पोरी. तू चमच्यानं घातलंस."

मला रडावं की काय करावं कळेना. दोन ट्रे, अर्धा किलो लोणी, सगळी सकाळ. पण काकू हसायला लागल्या. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, स्टूलवरून खाली उतरून, ओट्याला टेकून हसल्या. मुलगी हसली. मग बाबा हसले, माकडटोपीसकट, खांदे हलवत. आल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग मलाही हसू आवरेना.

बिघडलेल्या ब्राउनी मी पिशवीत बांधून गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. नंतर पंधरा दिवस गाडीत बसलं की मिंटचा वास यायचा.

दुकानात जाऊन अर्क आणते म्हणून मी गाडीची किल्ली उचलली, तर बाबांनी हात आडवा केला. "कशाला? तेल चांगलं आहे. प्रमाण चुकलंय." त्यांनी बॅगेतून त्यांचा ड्रॉपर आणला, उकळत्या पाण्याने धुतला, आणि मला थोडं चॉकलेट वेगळं वितळवायला लावलं. तीन वाट्यांत सारखं चॉकलेट. पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मग वाट्या काकूंसमोर ओळीने मांडल्या.

"मॅडम, प्लीज टेस्ट."

काकूंनी आधी सर्दीचं नाक शिंकरलं आणि एखादं गंभीर काम असल्यासारखं तिन्ही चाखलं. पहिलं फिकं. तिसरं झोंबरं. दुसऱ्याला त्यांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला. बाबांनी त्यावरून अख्ख्या ट्रेचा हिशोब केला आणि काकूंच्या त्या कागदाच्या समासात पेन्सिलीने आकडा लिहिला. मी म्हटलं, "अहो बाबा, त्यांचा कागद आहे तो!" काकू म्हणाल्या, "लिहू दे. डॉक्टरांना लिहू दे."

"नो डॉक्टर," बाबा घाईने म्हणाले. "केमिस्ट."

त्यानंतर मात्र कामाला वेग आला. शनिवार गेला, रविवारही गेला. मी मिश्रण ढवळायची, मुलगी ट्रेंना लोणी लावायची, बाबा थेंब मोजायचे. ते मोजत असताना कोणी बोलायचं नाही असा नियमच झाला. गार झालेल्या ब्राउनीवर चॉकलेट ओतायचं आणि ते ओलं आहे तोवर चुरा भुरभुरायचा. वड्या पाडायचं काम माझं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, नारळाच्या वड्या पाडते तशा पाडत गेले. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर तुला येतं की." तेव्हा मी कबूल करून टाकलं की यापूर्वी मी फक्त पाकिटातला केक केला होता, तोही एकदा, आणि तो मधून कच्चा राहिला होता.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तू हो म्हणालीस तेव्हा तुझी मुलगी मागे उभी राहून मान हलवत होती."

रविवारी दुपारी काकूंच्या लक्षात आलं की बाबांनी आतापर्यंत एकही वडी खाल्लेली नाही. मी सांगितलं, ते अंडं खात नाहीत. काकूंना धक्काच बसला. "दोन दिवस हा माणूस राबतोय आणि त्याने चवही घेतलेली नाही?"

मी ते मराठीत बाबांना सांगितलं. बाबा चुरा झाडत म्हणाले, "त्यात काय एवढं? बेचाळीस वर्षं औषधं दिली लोकांना. ती तरी मी कुठं खाल्ली?"

मी हे काकूंना सांगितल्यावर त्या पुन्हा ओट्याला टेकल्या हसायला. पण हसून झाल्यावर "आलेच" म्हणून घरी गेल्या.

आल्या त्या दीड तासाने. डाव्या हातात एक छोटा काचेचा ट्रे, एप्रनवर सगळीकडे कोको, आणि केसांतही. अंड्याऐवजी सफरचंदाचा गर घालून त्यांनी एका हाताने, भांडं सिंकमध्ये अडकवून, बाबांसाठी वेगळी ब्राउनी केली होती. मधोमध खचलेली होती. कडा करपल्या होत्या. वडी पडेना, चमच्यानेच वाढावी लागली.

बाबांनी ती बशीत घेतली. आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत उभ्या. त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा.

"शिऱ्यासारखं झालंय," ते मला म्हणाले. "पण छान आहे. चहा टाक."

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"ही सेज इट्स लाइक अ डेझर्ट आजी युज्ड टू मेक," मुलीने परस्पर सांगून टाकलं. बाबा असं काही म्हणाले नव्हते. पण त्यांनी तिला दुरुस्तही केलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि ट्रेमध्ये उरलं ते झाकून ठेवायला सांगितलं.

डबे भरले, रिबिनी बांधल्या. आता वाटायचे कसे? काकूंना प्लास्टरमुळे गाडी चालवता येत नव्हती. मी सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. चोवीस डबे मागच्या सीटवर रचले, तर पहिल्याच वळणावर घसरतील असे दिसायला लागले. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही मागे बसून धरता का?" मला वाटलं, नाही म्हणतील. ते उठले आणि बूट शोधायला लागले.

काकू माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांच्यातली बस ड्रायव्हर जागी झाली. "इथे हळू. या कोपऱ्यावर भुसभुशीत बर्फाखाली कडक, निसरडा बर्फ असतो. आरसा बघ. परत बघ." वीस वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगवर कोणी एवढं बोललं नव्हतं. मागून बाबा म्हणाले, "ऐक त्यांचं."

पोस्टमन रस्त्यातच भेटला, त्याने डबा छातीशी धरला. लायब्ररीतल्या बाईंनी टेबलाखालून रिकामा डबा काढून दिला, गेल्या वर्षीचा, जपून ठेवलेला. प्रत्येक ठिकाणी काकू बाबांना पुढे करायच्या: "हे आमचे केमिस्ट. यंदाचं पेपरमिंट यांनी मोजलंय." पहिल्या दोन ठिकाणी बाबा माझ्यामागे सरकले. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी स्वतःच हातमोजा काढून हात पुढे केला.

बसडेपोत दहाबारा ड्रायव्हर कॉफी पीत उभे होते. डबे तिथेच उघडले गेले. एक जाडजूड, दाढीवाला माणूस वडी खाऊन म्हणाला, "यंदा काहीतरी वेगळं आहे."

मी बाबांकडे बघितलं.

"चांगलं वेगळं," तो म्हणाला आणि दुसरी उचलली.

त्यानेच बाबांना विचारलं, "बस बघायची आहे?" आणि बाबांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. त्यांनी माकडटोपी सारखी केली, पायऱ्या चढले, आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दाढीवाल्याने एक बटण दाखवलं. बाबांनी ते दाबलं, आणि बसच्या कुशीतून 'स्टॉप' लिहिलेला लाल अष्टकोनी फलक लुकलुकत बाहेर आला. बाबांनी परत दाबलं, फलक आत गेला. परत बाहेर. डेपोतले सगळे टाळ्या वाजवायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माझा बाप काचेतून मला हात करत होता.

संध्याकाळपर्यंत तेवीस डबे संपले. एक उरला. ज्यांच्यासाठी तो होता ते गल्लीतलं कुटुंब घर बदलून दुसऱ्या गावी गेलं होतं. काकूंनी तो बाबांच्या मांडीवर ठेवला. "हा तुमचा. तुम्ही ठरवा कोणाला द्यायचा."

"माझ्या ओळखीचं इथं कोण आहे?" बाबा मला म्हणाले. मग डबा त्यांनी दोन दिवस खिडकीशी ठेवला.

बुधवारी मी दूध आणायला किराणा दुकानात निघाले, तर ते डबा घेऊन गाडीत येऊन बसले. दुकानात शिरल्यावर सरळ मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे औषधांचं काउंटर आहे. तिथे पांढरा कोट घातलेली, डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक तरुण सोमाली मुलगी गोळ्या मोजत होती. बाबा क्वचित कधी दुकानात यायचे तेव्हा लांब उभे राहून तिला बघायचे, हे मला तेव्हा आठवलं. मला वाटायचं, दमले म्हणून थांबलेत.

रांगेत त्यांच्यापुढे दोन माणसं होती. आपला नंबर आल्यावर त्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

"आय ॲम केमिस्ट," ते म्हणाले. "इंडिया. फॉर्टी-टू इयर्स. धिस इज फॉर यू."

तिने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आत काय आहे हे मी सांगितलं, अंडं, दूध, गहू सगळं. ती हसली आणि म्हणाली की सकाळपासून कोणीतरी येऊन फक्त भांडून जातंय, काही द्यायला आलेले तुम्ही पहिलेच. मग तिने विचारलं, बेचाळीस वर्षांत सगळ्यात कठीण काय होतं?

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "डॉक्टर्स हँडरायटिंग."

ती इतक्या जोरात हसली की आतून दुसरी बाई डोकावली. तिने सांगितलं, आता सगळं कंप्युटरवरून येतं, पण शिकत असताना एका म्हाताऱ्या डॉक्टरचं अक्षर वाचायला तिला तीन जणांना बोलवावं लागलं होतं. बाबांनी खिशातलं पेन काढून एका कागदाच्या चिटोऱ्यावर कराडच्या त्यांच्या डॉक्टरांची सही काढून दाखवली, नुसती एक आडवी रेघ आणि शेवटी टिंब. तिने तिच्या डॉक्टरची काढली. ती रेघसुद्धा नव्हती. दोघंही त्या कागदावर वाकले होते. मागे रांगेत लोक वाढले, मी बाबांची बाही ओढली तेव्हा कुठे ते निघाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हुशार आहे पोरगी," ते म्हणाले. "दिवसाला किती चिठ्ठ्या येतात ते विचारायचं राहिलं."

"आणि माझं दूध राहिलं," मी म्हटलं.

"मग चल की परत," बाबा म्हणाले आणि मी गाडी बंद करायच्या आत पट्टा सोडून खाली उतरले.